प्रेक्षकाने टिपलेला प्रयोग : एका भाषिक साधनाचा विचार

1

15 डिसेंबर 2019 रोजी नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 'यू टू' या आयरिश रॉक बँडचा भारतातील पहिला जाहीर कार्यक्रम झाला. हा बँड 1976 साली डब्लिन येथे स्थापन झाला असून, 1987 सालचा 'द जोशुआ ट्री' हा गीतसंग्रह संपूर्ण सादर करण्याच्या दौऱ्यातील हा अखेरचा प्रयोग होता. ए. आर. रहमान यांनीही त्यात भाग घेतला. श्रोत्यांपैकी अनेकांनी आपापल्या मोबाइलवर त्या रात्रीचे तुकडे टिपून घेतले. असे तुकडे हलतात, त्यांत समोरच्याचे डोके आडवे येते आणि गायकाच्या आवाजावर शेजाऱ्याचा आवाज चढतो. संगीताचा रसिक त्यांना सदोष म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने हा निर्णय जसाच्या तसा स्वीकारावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

2

प्रथम या साधनाचे स्वरूप पाहू. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्याचा व कंठाचा ध्वनी स्वतंत्र घेऊन मागाहून त्यांचा मेळ घालतात. श्रोत्यांचा आवाज हवा तेवढाच ठेवला जातो. प्रेक्षकाच्या मोबाइलला ही सोय नसते; तो जेथे आहे तेथे येऊन पोहोचणारा सर्व ध्वनी एकत्रच घेतो. आवाज फार वाढला की त्यातील यंत्रणा ग्रहणशक्ती आपोआप कमी करते; म्हणून गर्जनेच्या क्षणी गाणे दबते. लहानशा ध्वनिग्राहकाला खर्जातील ध्वनी नीट पेलत नाहीत. याउलट हातभर अंतरावरील माणसाचे बोलणे मात्र स्पष्ट उमटते.

दुसरा गुण अंतराचा. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, प्रकाश मात्र तत्क्षणी पोहोचतो. रंगमंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या चित्रफितीत ढोलावर पडलेला प्रहार आधी दिसतो आणि सुमारे तीन दशांश सेकंदाने ऐकू येतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते; म्हणजे मागील रांगांतील समूहगान मंचाच्या तुलनेत अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडते. दूरच्या श्रोत्यांसाठी मध्ये निराळे ध्वनिक्षेपक उभारलेले असल्यास हा हिशेब बदलतो. तात्पर्य, प्रत्येक फीत आपल्या बसण्याच्या जागेची साक्ष स्वतःच देते. 'समुदाय एकसुरात गात होता' हे विधान कोणत्या जागेवरून केले आहे, हे तिच्यावरून तपासता येते.

ही प्रथा मोबाइलबरोबर जन्मली असे नाही. माइक मिलर्ड या श्रोत्याने 'लेड झेपेलिन'चा 21 जून 1977 चा लॉस एंजेलिस येथील प्रयोग गुपचूप ध्वनिमुद्रित केला. 'ग्रेटफुल डेड' या बँडने तर 1984 पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली.

3

आता भाषेकडे वळू. अशा फितीत तीन प्रकारचे वाग्व्यवहार एकात एक गुंतलेले असतात. गायकाने समुदायाला उद्देशून केलेले बोलणे हा पहिला. समुदायाचा प्रतिसाद हा दुसरा. आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील कुजबूज हा तिसरा. अधिकृत आवृत्तीत पहिला संपूर्ण व दुसरा अंशतः राहतो. तिसरा जवळजवळ नाहीसा होतो.

रोमान याकबसन यांनी 1960 साली भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांपैकी संपर्कनिष्ठ कार्य, म्हणजे संबंध जोडणे व तो टिकला आहे हे पडताळणे, या तिसऱ्या प्रकारात ठळकपणे आढळते. 'दिसतंय का?', 'हे जुनं गाणं', 'थांब, आता येईल बघ' अशी वाक्ये कल्पनेत आणावी. त्यांतील 'हे', 'आता' या शब्दांचा अर्थ प्रसंगावाचून लागत नाही. आणि येथे तर प्रसंगच फितीत हजर आहे. शिवाय इंग्रजी गाणे गाणारा श्रोता शेजाऱ्याशी कोणत्या भाषेत बोलतो व कोणत्या क्षणी भाषा बदलतो, याचाही पुरावा येथे मिळू शकतो. विल्यम लबाव यांनी दाखविलेला निरीक्षकाचा पेच सर्वांस परिचित आहे : निरीक्षण होत नसताना लोक कसे बोलतात हे आपणांस जाणावयाचे असते, परंतु ते जाणण्याचा मार्ग निरीक्षण हाच असतो. गाण्यासाठी घेतलेल्या फितीत बोलणे अनवधानाने येते. म्हणून हा पेच येथे पुष्कळसा सैल होतो.

4

एकाच प्रसंगाच्या अनेक फिती परस्परांशी जुळत नाहीत तेव्हा काय करावे? याचे उत्तर शोधण्यासाठी वऱ्हाडच्या बाहेर जावे लागत नाही. इ. स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी आपल्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे लीळाचरित्राची रचना केली. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. परंपरेनुसार मूळ ग्रंथ पुढे धाडीत नष्ट झाला व स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावा लागला. त्यातून पाठभेद उत्पन्न झाले. महानुभावांनी त्यांना 'वासना' म्हटले आणि कोणाची वासना कोणती, हे नावानिशी जपून ठेवले. एक पाठ खरा ठरवून उरलेले फेकून देण्याचा मोह त्यांनी टाळला, ही गोष्ट विशेष होय.

याच परंपरेतील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. केसोबासांनी लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने शुद्ध स्वरूपात हाती आली, परंतु ती कोणाला, कोठे, कशावरून उच्चारली हे सुटले. म्हणून सूत्रांचे प्रसंग सांगणाऱ्या 'प्रकरणवश' या ग्रंथाची गरज पडली. अधिकृत ध्वनिमुद्रण हा जणू सूत्रपाठ होय. प्रेक्षकांच्या फिती हे त्याचे प्रकरणवश. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नाही. परंतु दुसरे हरवले की पहिल्याचाही अर्थ आखडतो.

5

हा विचार प्रस्तुत लेखकाला आपल्या चुकीतून सुचला, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या नांदगाव पेठेवरून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरीचे गुरुकुंज आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस तेथे सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी अफाट समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. काही वर्षांपूर्वी घरच्या एका मुलाने तेथे टिपलेली खंजिरी-भजनाची फीत मी वर्गात ऐकविण्यासाठी घेतली आणि भजनापूर्वीचे बोलणे निरुपयोगी म्हणून कापून टाकले. त्यात आमची वृद्ध मावशी 'मले', 'तुले', 'काहून' अशा अस्सल वऱ्हाडीत पूर्वीच्या भजनी मंडळींविषयी सांगत होती. मूळ फीत मोबाइलसोबत गेली; पुढे मावशीही गेली. भजन आजही अनेकांकडे मिळते. ते बोलणे कोठेही नाही.

यातून तीन नियम निघतात. मूळ फीत अखंड ठेवावी व काटछाट प्रतीवर करावी. टिपणाऱ्याचे स्थान, दिनांक, वेळ व यंत्र यांची नोंद फितीसोबतच असावी. एका प्रसंगाच्या मिळतील तेवढ्या फिती 'वासना' म्हणून शेजारी-शेजारी ठेवाव्या. विधिविषयक मर्यादाही ध्यानात घ्यावी. प्रतिलिप्यधिकार अधिनियम 1957 मध्ये 1994 च्या सुधारणेने सादरकर्त्यांचे हक्क विस्ताराने मान्य झाले. तथापि खाजगी वापरासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम 39 अन्वये हक्कभंग ठरत नाही. ही सवलत प्रसिद्धीची नव्हे, आणि आयोजकांच्या अटी निराळ्या. ज्या शेजाऱ्याचे बोलणे अजाणता टिपले गेले, त्याची ओळख उघड न करणे हे तर अभ्यासकाचे कर्तव्यच होय.

नेरूळच्या त्या रात्रीचे गाणे टिकेल. त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याच्या आवाजाची काळजी मात्र दुसरे कोणी घेणार नाही. ते काम आपल्या शास्त्राचे आहे. मोबाइल भरला की सर्वांत आधी हेच तुकडे पुसले जातात. विद्यार्थ्यांनी निदान आपल्या घरातील अशा फिती पुसण्यापूर्वी एकदा ऐकाव्या, आणि त्या गाण्यासाठी न ऐकता गाण्याच्या आधीच्या व नंतरच्या बोलण्यासाठी ऐकाव्या.