विहीर उपसण्याआधी

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या जुन्या घरांत पूर्वी उन्हाळ्यात विहीर उपसायचे. गाळाच्या पाट्या वर येऊ लागल्या की आम्ही पोरं काठाशी ठाण मांडून बसायचो. कुणाचा बुडालेला गडू निघे, कधी पोहरा, बाकी फुटक्या घागरींची खापरंच. मोठ्यांच्या लेखी तो केर. पुरातत्त्वज्ञाला मात्र नेमका तोच हवा असतो.

तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंचं फारसं चालत नाही. उघड्यावर काही वर्षांत माती होणारं लाकूड, दोर, चामडं, बिया तिथे शतकानुशतकं टिकू शकतात. कार्बन मोजून त्यांचं वय काढता येतं. शिवाय थर सहसा क्रमाने साचतात. खाली वापरात असताना पडलेल्या वस्तू, वर विहीर ओस पडल्यावर लोकांनी टाकलेला कचरा.

सातवाहनकालीन वस्त्यांत भाजक्या मातीची कडी एकावर एक रचलेली सापडतात. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला केलेल्या उत्खननातही ती मिळाली. दिसायला विहीरच; पण पिण्याची की सांडपाणी मुरवायची? नुसत्या कड्यांवरून ते ठरत नाही. खोली पाहावी लागते आणि आतला गाळ तपासावा लागतो.

गाळ गेला की काय होतं, ते स्कॉटलंडच्या बर्गहेडमध्ये दिसतं. तिथे समुद्रात शिरलेल्या टेकाडावर पिक्ट लोकांचा मोठा किल्ला होता. १८०९ मध्ये गावासाठी पाणी शोधताना खडकात खोदलेली, पायऱ्यांची विहीर सापडली. लोकांनी ती साफ केली, कुंड आणखी खोल केलं. पाणी अपुरंच पडलं, पुरावा मात्र गेला. आता कुणी तिला किल्ल्याची विहीर म्हणतं, कुणी बाप्तिस्म्याचं कुंड, कुणी जलदेवतेचं ठाणं, तर कुणी बुडवून मारण्याची जागा. दोनशे वर्षं वाद चालू आहे!

आपला सक्करदरा भोसल्यांच्या काळातला. त्यांचा तलाव अजून इथे आहे, तेव्हा इथल्या विहिरीही जुन्या असू शकतात. तुमच्या वाड्यातली जुनी विहीर उपसायची किंवा बुजवायची असेल, तर आधी फोटो काढा. खापरं निघतील तशी किती हात खोलीवर मिळाली ते लिहून वेगळी ठेवा, आणि नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला एक फोन करा.