विश्लेषण : ग्रीन कार्डच्या रांगेसाठी ‘ईगल अ‍ॅक्ट’ का महत्त्वाचा होता? अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी फोन का करायचा?

अमेरिकेच्या डिसेंबर २०२२ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ गटातील भारतीयांची तारीख ८ ऑक्टोबर २०११ होती. त्याआधीच्या महिन्यात ती १ एप्रिल २०१२ होती, म्हणजे रांग पुढे सरकण्याऐवजी मागे गेली. २०११ च्या दिवाळीत ज्यांची फाइल लागली, ते तेव्हा अकरा वर्षांनंतरही ग्रीन कार्डची वाट पाहत होते. यावर उपाय सुचवणारे एच.आर. ३६४८ हे विधेयक, म्हणजेच ‘ईगल अ‍ॅक्ट’, तेव्हा प्रतिनिधिगृहापुढे होते. त्या काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०२३ रोजी संपली आणि तोवर मंजूर न झालेली सगळी विधेयके आपोआप बाद झाली. चार आठवडेही हातात नव्हते.

रांग इतकी लांब का?

नोकरीच्या आधारे दरवर्षी साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड दिली जातात. यात अर्जदाराची पत्नी किंवा पती आणि मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. भारत आणि आइसलँड, दोघांना माप एकच! इतरांची उरलेली कार्डे काही वेळा भारतीयांच्या वाट्याला येतात, पण त्याने अनुशेष भरत नाही.

झोई लॉफग्रेन (डेमोक्रॅटिक) आणि जॉन कर्टिस (रिपब्लिकन) यांच्या या विधेयकात नोकरीच्या गटातील ही ७ टक्क्यांची अट नऊ वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची तरतूद होती. एकूण कार्डांची संख्या मात्र वाढत नव्हती. त्यामुळे आज ज्यांना फार थांबावे लागत नाही, त्या इतर देशांच्या अर्जदारांना थांबावे लागेल, असा विरोधकांचा मुद्दा होता. तो खोटा नव्हता. पण एकाच कंपनीत, एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला दीड-दोन वर्षे आणि दुसऱ्याला दीड-दोन दशके, तेही केवळ जन्मस्थळावरून, याचे समर्थन कसे करायचे?

सर्वाधिक झळ मुलांना बसते. एच-४ व्हिसावर लहानपणी गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. मग विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाहीतर जो देश नीट आठवतही नाही, तिथे परतायचे.

त्याआधी काय झाले?

असेच विधेयक प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते एकमताच्या पद्धतीने आणले गेले. या पद्धतीत एका सिनेटरने हरकत घेतली तरी काम थांबते. तडजोडी होत होत सिनेटची मंजुरी मिळाली २ डिसेंबर २०२० रोजी. पण दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते, ते जुळवायला महिनाभरच होता. विधेयक गेले. २०२२ मध्येही डिसेंबरच आला होता. व्हाइट हाउसने पाठिंबा दिला असला, तरी नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीनंतर जानेवारी २०२३ पासून प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे जाणार असल्याने समित्यांचे अध्यक्षही बदलणार होते.

फोन कसा करायचा?

तिथे राज्यांतील प्रत्येक रहिवाशाचा एक प्रतिनिधी आणि दोन सिनेटर असतात. आपला प्रतिनिधी कोण, हे प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकून कळते. मग कॅपिटॉलच्या २०२-२२४-३१२१ या क्रमांकावर फोन लावून त्यांचे कार्यालय मागायचे. फोन बहुधा एखादा तरुण कर्मचारी किंवा इंटर्न उचलतो. तुमच्याशी वाद घालणे हे त्याचे काम नसते. नाव, झिप कोड, विधेयकाचा क्रमांक आणि पाठिंबा की विरोध, एवढे तो नोंदवतो. दोन मिनिटांचे काम आहे. विधेयकाचा क्रमांक आधी सांगा, त्यानंतर तुमच्या घरातली गोष्ट दोन वाक्यांत सांगा. अनेक जण दुसऱ्याने लिहून दिलेला मजकूर वाचतात. त्यापेक्षा ‘माझी मुलगी मार्चमध्ये २१ वर्षांची होतेय’ हे वाक्य लक्षात राहते. कार्यालय बंद असेल तर व्हॉइसमेलवर निरोप ठेवता येतो.

‘आम्ही नागरिकच नाही, आमचे कोण ऐकणार?’ हा प्रश्न माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवरही आला. प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना एकूण लोकसंख्येवरून मिळतात, त्यात एच-१बी व्हिसावर राहणारेही मोजलेले असतात. त्यामुळे फोन करण्यात गैर काहीच नाही. मतदाराच्या फोनला वजन अधिक, हे मात्र खरे.

पुण्या-मुंबईहून थेट वॉशिंग्टनला फोन लावून उपयोग नाही. झिप कोडपाशीच गाडी अडते. त्याऐवजी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे जाऊन नागरिक झालेले काका, मावशी, आतेभाऊ बहुतेक घरांत असतात. त्यांची रांग कधीच संपली आहे आणि त्यांच्याकडे मत आहे. रविवारच्या व्हिडीओ कॉलवर हवापाण्याच्या गप्पा झाल्या की त्यांना एवढेच विचारा : सोमवारी सकाळी फोन लावणार का?