काचेतलं बाळ आणि खाटेवरची आई
बाळाचे पहिले दिवस : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांबद्दल बोललो. आज त्याच्या आईबद्दल.

बाळ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, ‘काचेत’ असतं आणि आई दुसऱ्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात. सिझेरियन झालं असेल तर सुरुवातीला तिला उठताही येत नाही. शेजारच्या खाटांवर बाळं रडत असतात, पेढे वाटले जात असतात आणि हिच्या कुशीत काही नसतं. आम्ही डॉक्टर बाळाची तब्येत सांगतो ती दाराशी उभ्या असलेल्या बापाला, नाहीतर सासऱ्यांना. ती खबर आईपर्यंत पोहोचेस्तोवर ‘सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस’ एवढीच उरते. ओल्या बाळंतिणीला धक्का बसू नये, असाच घरच्यांचा हेतू असतो. पण कितीतरी आयांनी मला नंतर सांगितलंय की, त्या दिवसांत त्यांना वाटत होतं, बाळ गेलंय आणि सगळे आपल्यापासून लपवताहेत.

म्हणून बाळाची तब्येत आधी आईला सांगायला हवी, जशी आहे तशी. तिला चालता येत नसेल, तर व्हीलचेअरवरून बाळापर्यंत न्यायला हवं.

तिथे ती जे विचारते ते बहुतेक वेळा एकच असतं : “मॅडम, माझं काय चुकलं?” जिना चढले म्हणून झालं का, पपई खाल्ली होती, ग्रहणात बाहेर पडले होते. यातल्या कशानेही बाळ आठव्या महिन्यात जन्माला येत नाही. आईचा रक्तदाब वाढणं, जंतुसंसर्ग, जुळं, गर्भपिशवीचं पाणी आधीच जाणं ही नेहमीची कारणं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. हे आईला एकदा सांगून भागत नाही. तिच्या सासूबाईंसमोर आणि नवऱ्यासमोरही सांगावं लागतं, कारण घरी गेल्यावर हाच प्रश्न तिला दुसरं कुणीतरी विचारणार असतं.

सव्वा किलोचं बाळ पहिल्यांदा पाहणं सोपं नसतं. पातळ, लालसर कातडी, नाकात नळी, पायाला चिकटवलेली सेन्सरची तार, मधूनच वाजणारा मॉनिटर. प्रत्येक आवाज म्हणजे संकट नव्हे, बाळाने पाय झटकला तरी तो वाजतो, हे कुणीतरी त्याच वेळी सांगायला हवं. आमच्या अनुभवी सिस्टर आईला म्हणतात, “ताई, हात धुवा आणि नुसता ठेवा. कुरवाळू नका.” एक तळवा डोक्यावर, दुसरा पावलांवर, स्थिर. इतक्या लहान बाळाला हलक्या बोटांनी कुरवाळलं तर ते दमतं. स्थिर, उबदार हाताखाली त्याचे हातपाय शांत होतात. आईच्या डोळ्यांसमोर हे घडतं आणि तिचा श्वासही जरा मोकळा होतो.

मग दुधाचं. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा नीट जमत नाही, म्हणून त्याला नळीतून पाजतात. पण दूध आईचंच हवं. आतड्याचा एक गंभीर आजार अशा बाळांना गाठतो. आईच्या दुधामुळे त्याचा धोका बराच कमी होतो. पहिल्या दिवशी हाताने पिळून वाटीच्या तळाला पिवळसर चिकाचे चार थेंब येतात. आई ते पाहून ओशाळते. सिस्टर मात्र तो प्रत्येक थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतात, कारण बाळाची त्या दिवशीची गरजच तेवढी असते. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढावं लागतं, रात्रीचंही चुकवून चालत नाही. शेजारी बाळ नसताना पहाटे उठून वाटीत दूध काढणं किती एकाकी असतं, ते त्या बायकांनाच ठाऊक. त्या वेळी आजी शेजारी नुसती बसून राहिली तरी फरक पडतो. ज्यांना सुरुवातीला दूध येतच नाही, त्यांच्या बाळांसाठी दूधपेढी असते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली ती सुरू केली, आशियातली पहिली.

आता मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटणारा उपचार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरे. त्यांनी बाळं आईच्या छातीशी बांधली. डोक्याला टोपी, पायांत मोजे, खाली लंगोट, बाकी उघडं. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला वळवलेली, वरून कापड गुंडाळलेलं. हीच कांगारू पद्धत.

बरीच वर्षं आम्हीही असंच शिकवत आलो की, आधी बाळ स्थिर होऊ दे, मग कांगारू. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांत एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता छातीशी दिलं गेलं. त्यांच्यातले १२ टक्के पहिल्या २८ दिवसांत दगावले. जुन्या रीतीने ठेवलेल्यांतले १५.७ टक्के. पेटीच्या जागी माणसाचं अंग, आणि एवढा फरक! यात भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. तिथे बाळांच्या कक्षातच आयांच्या खाटा टाकल्या होत्या. दोघांवर, बाळावर आणि बाळंतिणीवर, एकाच ठिकाणी उपचार.

आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नवं यंत्र यायला निधी, निविदा, तंत्रज्ञ लागतात. इथे लागते खाट, पडदा, बाळंतिणीला वेळेवर जेवण आणि तिला भेटायला आलेली बाई न समजणाऱ्या सिस्टर. टाके ओले आहेत, अंग दुखतंय, तर तेवढा वेळ बाप किंवा आजी बाळाला छातीशी घेऊ शकतात. शर्ट काढून दोन-दोन तास हालचाल न करता बसलेले बाप मी पाहिलेत. एकाने तर मच्छर चावत असतानाही हात हलवला नव्हता.

वजन वाढू लागतं, बाळ अंगावर पिऊ लागतं आणि घरी जायचा दिवस येतो. पाचवी, बारसं, सगळं राहून गेलेलं असतं, म्हणून घरी गडबड असते. त्या गडबडीत एक तारीख हमखास चुकते. जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्म असेल, तर चौथ्या आठवड्यापर्यंत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच लागतो. फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. बाळ टकामका बघतंय म्हणून थांबू नका, पडद्यावरचा दोष बाहेरून दिसत नाही आणि उपचाराची मुदत थोडी असते. घरी जाण्याच्या कागदावर ही तारीख लिहून मागा. त्या तपासणीत नेमकं काय करतात, ते पुढच्या आठवड्यात.