घनवादी चित्र घरात लावताना

घराच्या भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण घरातल्यांची आवड, ऐपत आणि श्रद्धा या तिन्हींचा त्यात संबंध येतो. आपल्याकडे याचे उत्तर पुष्कळ वर्षे ठरलेले होते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या घरी पोचल्या. पुढे कॅलेंडरे आली. आता त्याच भिंतीवर युरोपातील घनवादी चित्रांच्या चौकटबंद प्रती दिसू लागल्या आहेत. अशी प्रत घेण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून येथे मांडीत आहे.

याला निमित्त झाले ते मामाचे घर. सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे अमरोलीजवळ कोसाड आहे. तेथे मामाने दोन खोल्यांचे घर घेतले. मामी एका दुकानात तुकड्यातुकड्यांचे एक व्हायोलिनचे चित्र पसंत करून आली होती. "पिकासोची ओरिजिनल प्रिंट आहे, पुढे किंमत वाढेल," असे दुकानदाराने तिला सांगितले होते. आजीचे म्हणणे एकच : भंगलेली वस्तू घरात ठेवू नये. मामा म्हणाला, "तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग." कर्जाचे हप्ते चालू असलेल्या घरात हा खर्च लहान नव्हता.

प्रथम आजीची शंका घेऊ. या चित्रातील वस्तू भंगलेली नसते. १९०७ ते १९१४ या काळात पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी ही पद्धत घडवली. ब्राकची चित्रे पाहून १९०८ साली एका समीक्षकाने 'हे सगळे घनच आहेत' अशा अर्थाचा शेरा मारला आणि त्यातूनच पंथाला नाव मिळाले. ड्रॉइंगच्या परीक्षेला आपण तांब्या काढतो तो एका जागी बसून. पण तांब्याचे तोंड गोल आहे हे वरून कळते आणि पोटाचा फुगवटा बाजूने. घनवादी चित्रकार दोन्ही एकाच कागदावर मांडतो. आमच्या जमाखर्चातही एकच व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंनी लिहितात. त्यामुळे व्यवहार काही फुटत नाही. आणि आपण दोन भाषांत वाढलेली माणसे. घरातला तांब्या शेजारच्या घरी चरगी होतो, पण पाणी तेच असते.

शिवाय हे चित्रकार गमतीही करीत. ब्राकच्या १९०९ मधील 'व्हायोलिन आणि पॅलेट' या चित्रात वरच्या बाजूस एक खिळा सावलीसकट हुबेहूब रंगवला आहे. बाकी सर्व मोडतोड वाटावी असे. १९१२ साली पिकासोने एका वस्तुचित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीची छापील नक्कल असलेले मेणकापड चिकटवले आणि भोवती चौकट म्हणून खरा दोर लावला. छापील माल चित्रात आला तो असा. हे मूळ चित्र अवघे २९ बाय ३७ सेंटीमीटर, म्हणजे उघडलेल्या वहीएवढे आहे. त्याची भिंतभर मोठी प्रत घेतली, तर दोराचा जाडपणाही जातो आणि आटोपशीरपणाही.

आता दुकानदाराचे म्हणणे. 'ओरिजिनल प्रिंट' हा शब्द कलाव्यापारात वेगळ्या अर्थाचा आहे. चित्रकाराने स्वतः ताम्रपटावर किंवा दगडावर काम करून मोजक्याच प्रती काढायच्या आणि बहुधा त्यांवर क्रमांक व सही करायची, ती मूळ मुद्रा. रंगचित्राचा फोटो घेऊन यंत्रावर छापलेली ती प्रतिकृती. भिंग लावले की ऑफसेट छपाईचे रंगीत ठिपके दिसतात. हवी तितकी छापता येणारी वस्तू दुर्मीळ होत नाही. म्हणून तिचा भाव वाढेल ही आशा व्यर्थ. प्रतिकृती घ्यावी ती पाहण्यासाठी. गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

कायद्याची बाजूही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आता चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. पिकासो १९७३ मध्ये वारला, म्हणजे त्याचा हक्क २०३३ अखेरपर्यंत आहे. ब्राक १९६३ मध्ये वारला. त्याचा २०२३ अखेरीस संपला. हुआन ग्रिस तर १९२७ मध्येच गेला, त्यामुळे त्याची चित्रे छापायला आपल्याकडे केव्हाच मोकळीक झाली आहे.

हे सांगितल्यावर मामीने व्हायोलिनचा नाद सोडला. मी तिला ग्रिसचे १९१५ सालचे चौकड्यांच्या टेबलक्लॉथचे चित्र दाखवले. त्यात द्राक्षे, कप, बाटल्या आहेत. आणि नीट पाहिले की त्यांतूनच बैलाचे तोंड तयार होते. बैल आजीने मामीच्या आधी ओळखला. मात्र बाटली दारूची आहे हेही तिने ओळखले! देवघराच्या भिंतीवर नको, बाहेरच्या खोलीत चालेल, असा तिचा निकाल पडला.

प्रत घेताना मूळ चित्राचे माप आणि प्रमाण आधी पाहावे. चौकटीत बसावे म्हणून कडा कापलेली प्रत घेऊ नये. घनवादी चित्रांत करडे व तपकिरी रंग पुष्कळ असतात. ते भडक छापले असतील तर प्रत वाईट समजावी. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. मागचा पुठ्ठा हलका असेल तर काही वर्षांत कागद पिवळा पडतो. उन्हाची भिंत टाळावी. आणि कागद, छपाई, माउंट, काच, चौकट यांचा भाव वेगवेगळा विचारावा, म्हणजे आपण पैसे कशाचे देतो आहोत ते कळते.

आपल्या वाचनालयाची एक भिंत रिकामी आहे. तेथे अशी एखादी चांगली प्रत लावली आणि तिच्याखाली मराठीत व कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या, तर खर्च फारसा येणार नाही. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मंडळाने याचा जरूर विचार करावा.