नित्याच्या इंग्रजी क्रियापदांचे अध्यापन

फ्रांस्वा गुअँ हे एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समधील एक लॅटिनचे अध्यापक. जर्मन भाषा शिकण्याच्या हेतूने ते हॅम्बुर्ग येथे गेले आणि तेथे त्यांनी जर्मन व्याकरण व २४८ अनियमित क्रियापदांचा तक्ता अवघ्या १० दिवसांत मुखोद्गत केला. एवढ्या तयारीनिशी ते मोठ्या उमेदीने व्याख्यान ऐकावयास जाऊन बसले. परंतु त्यांना त्यातील एक शब्दही उमगला नाही. पुढे त्यांनी जर्मन धातू पाठ केले, शब्दकोशही पाठ केला. तरी फळ तेच. निराश होऊन ते घरी परतले, तेव्हा त्यांच्या नात्यातील तीन वर्षांचे एक बालक मधल्या काळात घडाघडा बोलू लागल्याचे त्यांना आढळले. हे मूल एकदा पिठाची गिरणी पाहून आले. घरी येताच त्याने खेळातली गिरणी मांडली. पोती भरावी, ती गिरणीवर न्यावी, दळण दळावे, असा सारा क्रम ते पुनःपुन्हा करू लागले व करता करता प्रत्येक कृती बोलून दाखवू लागले. तक्त्याने जे साधले नाही ते या खेळाने साधले होते. गुअँ यांनी यावरून जो बोध घेतला तो १८८० साली ग्रंथरूपाने मांडला. क्रियापद हा वाक्याचा प्राण होय, आणि ते कृतीच्या संगतीने शिकावयाचे असते, हे त्याचे सार.

आजच्या पुष्कळ वर्गांतील इंग्रजीचा तास पाहिला म्हणजे गुअँ यांच्या त्या १० दिवसांची आठवण होते. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. ‘गो–वेंट–गॉन’, ‘टेक–टुक–टेकन’ अशी रूपे मुले एका सुरात म्हणतात व वहीत सुवाच्य उतरवितात. परंतु ‘ब्रिंग द डस्टर’ एवढे म्हणताच तोच विद्यार्थी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. तो मंद असतो असे नाही. ते क्रियापद त्याच्या कानावरून अर्थासह कधी गेलेलेच नसते. अशा दोन-चार प्रसंगांनंतर ‘इंग्रजी आपल्याला येणार नाही’ ही समजूत त्याच्या मनात घर करते, आणि मोठेपणी ती काढून टाकणे फार कठीण जाते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याला शाळेतील तो एक तास हाच आधार असतो. तो तास तक्त्यात घालविणे परवडणारे नाही.

कोणती क्रियापदे घ्यावीत?

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ या नावाने ८५० शब्दांची एक योजना मांडली. तीत क्रियापदे अवघी १८ होती. ती योजना जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. तथापि थोड्या क्रियापदांवर किती व्यवहार चालतो हे तिच्यावरून कळते. प्रारंभी वर्गात प्रत्यक्ष करून दाखविता येतील अशीच क्रियापदे निवडावीत. शरीराच्या हालचालींसाठी सिट, स्टँड, वॉक, रन, स्टॉप; देवघेवीसाठी कम, गो, गिव्ह, टेक, ब्रिंग, पुट; वस्तूंसाठी ओपन, शट, वॉश, कट; अभ्यासासाठी लुक, लिसन, रीड, राइट, ड्रॉ; आणि ईट व ड्रिंक. एवढी २२ क्रियापदे एका वर्षात पक्की झाली तरी पाया भक्कम झाला असे समजावे. ‘थिंक’, ‘नो’, ‘फील’ ही मनोव्यापाराची क्रियापदे मागाहून घ्यावीत.

पाठाची मांडणी

पाठासाठी वर्गातील पाण्याचा माठ हेही उत्तम साधन आहे. शिक्षकाने प्रथम स्वतः बोलत बोलत कृती करावी: ‘स्टँड अप. गो टु द वॉटर पॉट. टेक द ग्लास. ड्रिंक सम वॉटर. पुट द ग्लास डाउन. कम बॅक. सिट डाउन.’ मग एका विद्यार्थ्यास उभे करून त्याच आज्ञा द्याव्यात. या वेळी विद्यार्थ्याने बोललेच पाहिजे असा आग्रह नसावा. हॅरल्ड पामर यांनी १९२५ साली तोकियोत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, आणि १९६० नंतर जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, आज्ञा ऐकून कृती करण्याच्या याच पद्धतीचा पुरस्कार केला. मूल आईची भाषा आधी ऐकते, तिच्या सांगण्याप्रमाणे वागते, आणि मग बोलू लागते. तोच क्रम येथे पाळावयाचा आहे.

दोन-तीन दिवसांनी आज्ञांचा क्रम उलटापालटा करावा. नाहीतर मुले शब्द न ऐकता केवळ सवयीने हालचाल करतात व शिक्षकास उगीच समाधान वाटते. त्यानंतर विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास आज्ञा द्यावी. शेवटी कृती चालू असता ‘ही इज ड्रिंकिंग’ व ती संपल्यावर ‘ही ड्रँक सम वॉटर’ ही वाक्ये ऐकवावीत. अशा रीतीने भूतकाळाचे रूप घडलेल्या घटनेला चिकटूनच कानी येते.

मराठीच्या वळणामुळे होणाऱ्या चुका

मराठीतील एका क्रियापदाला इंग्रजीत नेहमी एकच प्रतिशब्द मिळेल असे नाही. आपण दार लावतो, दिवा लावतो आणि रोपही लावतो. इंग्रजीत मात्र दारासाठी ‘शट’, विजेच्या दिव्यासाठी ‘स्विच ऑन’ व रोपासाठी ‘प्लांट’. आपण चित्र काढतो, चप्पल काढतो, दप्तरातून वहीही काढतो; इंग्रजीत अनुक्रमे ‘ड्रॉ’, ‘टेक ऑफ’ व ‘टेक आउट’. उलट, घेणे आणि नेणे या दोहोंसाठी इंग्रजीत एकटे ‘टेक’ पुरते. दार बंद करावयाचे आणि पंखाही बंद करावयाचा, म्हणून मूल ‘क्लोज द फॅन’ म्हणते. ही चूक आळसाची नसून मराठीच्या तर्काने केलेली आहे, हे जाणून शिक्षकाने तीस हसू नये. ‘स्विच ऑफ द फॅन’ असे म्हणून पंखा बंद करून दाखवावा. याच कारणास्तव ‘टेक म्हणजे घेणे’ असे सुटे अर्थ पाठ न करविता क्रियापद नेहमी वस्तूसह शिकवावे.

अनियमित रूपांचे भय

इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी पहिली दहाही क्रियापदे अनियमित आहेत, हे ऐकून धीर खचण्याचे कारण नाही. जी रूपे रोज तोंडी असतात ती जुनी रूपे टिकून राहतात; क्वचित वापरातील क्रियापदे हळूहळू नियमाच्या साच्यात बसतात. मराठीची स्थिती निराळी नाही. ‘चाल’चे ‘चालला’ होते. पण ‘कर’चे ‘केला’, ‘दे’चे ‘दिला’ आणि ‘जा’चे चक्क ‘गेला’ होते. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूपासून आला, तर ‘गेला’ हे ‘गत’पासून. इंग्रजीतही ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. लहान मूल प्रथम ‘मी करलं’ म्हणते व ऐकता ऐकता ‘केलं’वर येते, त्याकरिता कोणी त्याला तक्ता देत नाही. येथे इंग्रजीत एक सोयही आहे: आला, आली, आले, आल्या या सर्वांसाठी ‘केम’ हे एकच रूप चालते. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. त्यांना हुरूप येतो. तीन रूपांचा तक्ता टाकाऊ नव्हे, परंतु त्याचे स्थान शेवटी, ऐकलेल्या रूपांची उजळणी म्हणून असावे.

शिक्षकाची स्वतःची तयारी

आपले इंग्रजी कच्चे आहे या संकोचाने कित्येक शिक्षक हा तास केवळ फळ्यावरील लेखनात काढतात. वस्तुतः या पद्धतीस वक्तृत्व लागत नाही. २२ क्रियापदे, त्यांची सोपी वाक्ये आणि स्पष्ट, संथ उच्चार एवढी सामग्री कोणासही थोड्या सरावाने मिळविता येते. रोज दोन क्रियापदांची वाक्ये आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून पाहावीत, वर्गात १० मिनिटे कृतीसाठी राखावीत व जुन्या क्रियापदांची उजळणी रोज करावी.

पाठ साधला की नाही याची कसोटी वही पाहून होत नाही. मागल्या रांगेत बसणारे, एरवी मान खाली घालणारे मूल ‘ओपन द विंडो’ ऐकताच शेजाऱ्याकडे न पाहता उठून खिडकी उघडते काय, आणि पुढे कधीतरी तेच वाक्य निःसंकोचपणे दुसऱ्याला सांगते काय, हे पाहावे. जेथे हे घडू लागले, तेथे इंग्रजीचे भय निम्मे सरले असे खुशाल समजावे.