भार वाढतो, आलेख उतरतो

संगणकांच्या जाळ्यातील स्विच हे उपकरण आपल्या प्रत्येक पोर्टमधून किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले याची नोंद वेगवेगळ्या गणकांत ठेवते. हे गणक वेग सांगत नाहीत, केवळ चढत जाणारी बेरीज सांगतात; देखरेख करणारी प्रणाली ती बेरीज एसएनएमपी या नियमावलीनुसार ठरावीक अंतराने वाचते, नव्या वाचनातून आधीचे वजा करते आणि बाकीला मधल्या सेकंदांनी भागून वाहतुकीचा दर काढते. आलेख चुकला की संशय स्विचवर जातो. दोष मात्र पुष्कळदा या वजाबाकीत असतो.

१९९१ च्या मानकात हा गणक ३२ बिटांचा होता, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यानंतर तो जुन्या मोटारीतील किलोमीटरच्या आकड्यांप्रमाणे पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १० मेगाबिट वाहणाऱ्या तेव्हाच्या इथरनेटवर, पूर्ण भार असतानाही, या फेरीला सुमारे ५७ मिनिटे लागत. एक गिगाबिटच्या पोर्टवर ती ३४ सेकंदांतच पुरी होते. दोन वाचनांच्या मध्ये एकच फेरी झाली असेल तर हिशेब सावरता येतो, परंतु पाच मिनिटांच्या प्रचलित अंतरात आठ फेऱ्या उलटल्या तर त्यांचा मागमूस उरत नाही. अशा आलेखावरील दर सुमारे ११५ मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. सलग ८०० मेगाबिटचा प्रवाह तेथे ११३ च्या आसपास दिसतो, आणि तोच हजारावर गेला की ८४! आकडा अशक्य कोटीतला असता तर कोणी तपासला तरी असता.

नव्वदच्या दशकातच आलेल्या ६४ बिटांच्या गणकाला गिगाबिटच्या वेगाने एक फेरी पुरी करण्यास सुमारे ४,७०० वर्षे लागतील. तथापि एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला हा गणक वाचताच येत नाही, त्यामुळे जुनी मांडणी तशीच ठेवलेल्या ठिकाणी नवा स्विच बसवूनही लहानच गणक वाचला जातो.

गणक अचूक असला तरी तो काय मोजतो हा प्रश्न उरतोच. इथरनेटवर प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याच्या, आधी ८ बाइटांचा इशारा आणि नंतर किमान १२ बाइटांइतके मोकळे अंतर असते. तारेवरची जागा दोन्ही व्यापतात, पण गणकात ती धरली जात नाहीत. सर्वांत लहान, ६४ बाइटांच्याच फ्रेम वाहत असतील तर पोर्ट काठोकाठ भरूनही आलेख ७६ टक्क्यांवर थांबतो, आणि उरलेले २४ टक्के मोकळे आहेत असे मानून क्षमतेचे नियोजन केले जाते.