जवळ्याचा अनोळखी शेजारी

कोकणच्या समुद्रातल्या प्लवकांपैकी आपल्या ताटापर्यंत पोचला तो जवळा. त्याच पाण्यातला बाणकृमी मासळीबाजारात कधी आला नाही. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा पारदर्शक असा हा जीव जाळ्याच्या आसांतून सहज निसटतो. त्यामुळे त्याची ओळख झाली ती प्रयोगशाळेत, आणि तीही उशिरा.

रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ मध्ये सुरू झालं. लगेच पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेला आरंभ झाला. ती १९६५ पर्यंत चालली. मला तिची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती प्लवकांसाठी ठरवलेलं एकसारखं जाळं. जहाज कुठल्याही देशाचं असो, आस एक तृतीयांश मिलिमीटरचा आणि ओढ दोनशे मीटर खोलीपासून वरपर्यंत. नमुने कोचीत निवडले गेले. त्या कामामागोमाग, १९७३ मध्ये, विजयालक्ष्मी नायर आणि टी. एस. एस. राव यांनी अरबी समुद्रातल्या बाणकृमींचा आढावा प्रसिद्ध केला.

प्राणीप्लवकांत संख्येने कोपेपॉड हे चिमुकले कवचधारी जीव पहिले, आणि त्यांच्यावर जगणारा बाणकृमी पुष्कळदा दुसरा. तो निश्चल तरंगत राहतो. भक्ष्याच्या हालचालीने पाणी थरथरलं की अंगावरच्या बारीक केसांना ते कळतं. एक झेप, तोंडाजवळचे आकडे मिटतात, आणि भक्ष्य सबंध गिळलं जातं. केंड माशातलं जहाल विष बाणकृमींतही सापडल्याचं १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२४ मध्ये तर ग्रीनलंडच्या खडकांतून त्यांचे जवळपास ५२ कोटी वर्षांपूर्वीचे, वीतभराहून मोठे आप्त पुढे आले. म्हणजे मासे शिकारी होण्याच्या कितीतरी आधी समुद्रावर या कुळाचा दरारा होता.

आजही माशांशी बाणकृमीचं नातं दुहेरी आहे. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं तो खातो, मोठे मासे त्याला खातात. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की तो तिथून हटतो. क्षार वाढले की परततो. म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदींशेजारी भाट्ये खाडीच्या मुखाशी दरमहा ओढलेल्या एका प्लवकजाळ्याची नोंद असावी, असं मला मनापासून वाटतं. तेच जाळं, तोच आस, तीच जागा, वर्षानुवर्षं. रत्नागिरीजवळच्या शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. हे काम करू शकणारे विद्यार्थी दरवर्षी तिथे येतात.